द्राक्षाच्या हंगामात उपवासकाळ: कामाच्या माणसाने नेमके काय पाळायचे?

दिंडोरीकडच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर असलेल्या गृहस्थांचा प्रश्न आहे. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, दर वर्षी नेमका द्राक्षाच्या हंगामात येतो. माल निघत असला की नाशिकरोडला घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांवरच्या प्रार्थनेला) चर्चमध्ये जाणे होत नाही. पत्नी नर्स आहे, तिला नाइट ड्युटी असते. आई म्हणतात, ‘आमच्या लहानपणी चाळीस दिवस उपवास असायचा, तुम्ही नावाचेच कॅथलिक.’ आणि कॉलेजात जाणारा मुलगा विचारतो, ‘पोप नियम बदलत असतील, तर ते नियम देवाचे कसे?’ तेव्हा काय पाळायचे, आणि ते ठरवले कोणी?

मी बरीच वर्षे प्रौढांना धर्मशिक्षण देते आहे. हा प्रश्न राखेच्या बुधवारच्या (कपाळी राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या) आसपास दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बंधन किती आहे ते सांगते. ते नीट माहीत नसते म्हणून काहीजण घाबरून असतात आणि काहीजण सगळेच सोडून देतात. उपवासाचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे. आणखी दोन वेळा थोडेसे खायला हरकत नाही, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढे होता कामा नये. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत हे लागू आहे. मांसाहार टाळायचा तो या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी. हे १४ वर्षे पूर्ण झालेल्या सगळ्यांना लागू, त्यात म्हातारपणीही सूट नाही. मासे, अंडी, दूध, तूप चालते. रविवार उपवासात धरत नाहीत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ४६ भरतात, त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस. शुक्रवार तसा वर्षभरच प्रायश्चित्ताचा दिवस आहे. एरवीच्या शुक्रवारी मांसाऐवजी दुसरे काय करता येईल हे त्या त्या देशाच्या बिशपांच्या परिषदेने ठरवायचे असते, ते तुमच्या फादरांना विचारून घ्या. आणि शुक्रवारी मोठा सण आला तर मांसाचे बंधन राहत नाही. २०२७ मध्ये संत योसेफाचा सण, १९ मार्च, शुक्रवारी येतो.

रात्रपाळीवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. उपवासाचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा असा धरतात. मंगळवारी रात्री अकराची शिफ्ट असेल, तर मध्यरात्री दोन वाजता कँटीनमध्ये जे खाल ते बुधवारच्या हिशोबात जाते. ते थोडेच घ्या, सकाळी घरी येऊन झोपा आणि उठल्यावर एकदा नीट जेवा. चहा आणि औषधे चालतात.

आपण सगळे शेजारच्या घरची एकादशी आणि चतुर्थी बघत वाढलो. त्यामुळे कितीतरी कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी असा बेत असतो. यात गैर काहीच नाही, मला तर ते आपल्या मातीतले म्हणून आवडते. पण दोन्ही वेळा ताटभर खिचडी झाली, तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ होते. आपल्या उपवासात मांस सोडले तर पदार्थ कोणता याला महत्त्व नाही, किती खाल्ले याला आहे. दुपारी भाकरी-पिठले जेवून सकाळ-संध्याकाळ अर्धी पोळी आणि चहा घेतला, तर तो पुरा उपवास झाला. शुक्रवारचेही तसेच. मटण नको म्हणून महागाचे पापलेट आणले तर नियम मोडत नाही, पण त्यातून प्रायश्चित्तही घडत नाही.

आजारी माणसे, मधुमेहाचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, फार कष्टाचे काम करणारे यांना उपवासातून मोकळीक आहे. रात्रभर वॉर्डात उभी असलेली नर्सही त्यांत येऊ शकते. शंका असेल तर फादरांना विचारा. सबळ कारण असेल तर एखाद्याला बंधनातून मोकळे करण्याचा किंवा त्याऐवजी दुसरे काही सांगण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, फादरांना असतो. मोकळीक घेताना अपराधी वाटून घेऊ नका. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरी यांना पोटाचे जुने दुखणे होते. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की ज्या पवित्र शनिवारी लहान पोरेही उपवास करतात, त्या दिवशीही आपल्याला उपवास झेपेना आणि त्याचे आपल्याला फार दुःख झाले. चर्चच्या इतिहासात ज्यांच्या नावामागे ‘थोर’ हे विशेषण लागले असे पोप मोजकेच, आणि त्यांच्यातल्या एकाची ही गत. आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण पोप फ्रान्सिस यांचे. २०२५ च्या राखेच्या बुधवारी, ५ मार्चला, ते रोमच्या जेमेली रुग्णालयात होते आणि राख त्यांनी तिथेच घेतली. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले.

आता तुमच्या आईंचे म्हणणे. त्या खोटे सांगत नाहीत. १९१७ च्या धर्मसंहितेत (चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात) उपवासकाळातला रविवार सोडून प्रत्येक दिवस उपवासाचा होता. त्याच्याही आधी, मध्ययुगात, मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही बंद असे आणि दिवसातून एकच जेवण, तेही संध्याकाळी. शेतात राबणाऱ्यांना ते झेपेना, म्हणून शतकामागून शतक जेवणाची वेळ अलीकडे सरकत दुपारवर आली आणि रात्रीसाठी हलके काहीतरी खाण्याची मुभा मिळाली. आईंच्या लहानपणी नाशिक हा वेगळा धर्मप्रांत नव्हता. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो पुणे धर्मप्रांतातून वेगळा केला आणि बिशप थॉमस भालेराव हे पहिले बिशप झाले. त्या काळी खेड्यापाड्यांत धर्मशिक्षक जे सांगत ते घरोघर कडक पाळले जाई. त्या पिढीची शिस्त मला आदराची वाटते. आईंना झेपत असेल आणि हवे असेल तर त्यांनी चाळीसही दिवस पाळावेत. फक्त ते इतरांवर बंधन नाही, आणि न पाळणारा कमी प्रतीचा कॅथलिक ठरत नाही.

मुलाच्या प्रश्नाला मी जास्त वेळ देईन, कारण तो प्रामाणिक प्रश्न आहे. त्याला सांगा: ‘पश्चात्ताप करा’ ही आज्ञा ख्रिस्ताची आहे, ती कोणताही पोप बदलू शकत नाही. किती दिवस, काय खायचे, कोणत्या वयापासून, हे चर्चने ठरवलेले आहे. चर्चने ठरवलेले चर्च बदलू शकते, आणि हे पहिल्यापासून असेच चालत आले आहे. साधारण इ. स. १९० च्या सुमारास पोप व्हिक्टर आणि आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) चर्चमध्ये ईस्टरच्या तारखेवरून वाद पेटला. व्हिक्टर त्यांना बहिष्कृत करायच्या बेतात होते. तेव्हा लियॉनचे बिशप इरेनियस यांनी त्यांना पत्र लिहिले की कोणी एक दिवस उपवास करतो, कोणी दोन, कोणी अधिक, कोणी सलग चाळीस तास, तरी आपल्या आधीचे सगळे शांततेत नांदले. उपवासातला हा फरकच आपल्या श्रद्धेच्या एकीची साक्ष देतो, असे त्यांनी पोपांना ऐकवले. म्हणजे चाळीस दिवसांचा उपवास रूढ होण्याआधीच उपवासाबद्दलची ही समज होती. चाळीस दिवसांचा उल्लेख ३२५ च्या नायसिया परिषदेच्या नियमांत येतो. थोर ग्रेगरींच्या काळात प्रत्यक्ष उपवासाचे दिवस ३६ भरत, आणि वर्षाचा दहावा हिस्सा आपण देवाला देतो असे ते सांगत. राखेच्या बुधवारपासूनचे चार दिवस नंतर जोडले गेले. सर्व भाविकांनी राख लावून घ्यावी हे तर १०९१ मध्ये, पोप अर्बन दुसरे यांच्या काळात, बेनेव्हेंतोच्या सभेत ठरले.

पोपांच्या या सगळ्या इतिहासात तुमच्या घराला सर्वात जवळचे असतील ते पोप पायस बारावे. १९५३ पर्यंत ख्रिस्तशरीर (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घ्यायचे असेल तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सकाळीच होई. रात्रपाळी करून सकाळी आठला मिस्साला आलेल्या माणसाने काय करायचे? पायस बारावे यांनी त्या वर्षी नियम सैल केला आणि कारणे देताना कारखान्यांत, वाहतुकीत, पाळ्यांमध्ये रात्रंदिवस राबणाऱ्यांचा आणि घरचे काम उरकून मगच चर्चला येऊ शकणाऱ्या आयांचा स्पष्ट उल्लेख केला. पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरले, संध्याकाळच्या मिस्साची वाट खुली झाली. १९५७ मध्ये ख्रिस्तशरीर घेण्याआधी तीन तास काही न खाण्याचा नियम आला आणि १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये पोप पॉल सहावे यांनी तो एका तासावर आणला. आजारी आणि वृद्ध माणसांना, आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही, त्या एका तासाचीही अट नाही. तुमच्या पत्नीला हे जरूर सांगा. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाचा विचार चर्चच्या कायद्यात केलेला आहे.

तेच पॉल सहावे १९६४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसला (ख्रिस्तशरीराच्या सन्मानार्थ भरणाऱ्या मेळाव्याला) आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. पुढे १७ फेब्रुवारी १९६६ ला त्यांनी उपवासाचे आजचे नियम ठरवून दिले. (तेव्हा वयाची अट २१ पासून होती, १९८३ च्या संहितेने ती १८ केली.) नियम कमी केले म्हणून प्रायश्चित्त कमी झाले असे त्यांना मुळीच म्हणायचे नव्हते. जिथे सुबत्ता आहे तिथल्या ख्रिस्ती माणसाने अधिक संयम आणि अधिक दानधर्म करावा. जिथे हाताला आणि पोटाला ओढ आहे, तिथल्या माणसाने आपले कष्टच क्रुसाशी जोडून प्रार्थनेत देवापुढे ठेवावेत, असे त्यांनी लिहिले. हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात नेहमी सांगते, कारण पॅकहाउसच्या थंड खोलीत दिवसभर उभे राहून पेट्या भरणाऱ्या बायकांना चर्चने आणखी उपाशी राहायला सांगितलेले नाही. त्यांचे उभे राहणेच देवाला वाहता येते. सुपरवायझर म्हणून त्यांच्याशी तुमचे बोलणे कसे आहे, हाही तुमच्या उपवासकाळाचा भाग आहे.

क्रुसाच्या वाटेबद्दल. ती चर्चमध्ये सगळ्यांबरोबर करणे उत्तमच. पण मुळात ही भक्ती ज्यांना यरुशलेमला जाता येत नाही त्यांच्यासाठी वाढली. फ्रान्सिस्कन संन्याशांनी ती पसरवली, १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी चौदा स्थाने कायम करून ती सर्व चर्चमध्ये उभारायला परवानगी दिली, आणि १७५० मध्ये बेनेडिक्ट चौदावे यांनी रोमच्या कोलोझियममध्ये ती मांडली. ज्याला तिथवर पोहोचता येत नाही त्याच्या दारापर्यंत वाट आणायची, हाच तिचा उगम आहे. आता हिशोब बघा. राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार धरून गुड फ्रायडेपर्यंत सात शुक्रवार येतात आणि स्थाने चौदा. दर शुक्रवारी दोन स्थाने. रात्री दहाला घरी आलात तरी जेवणाआधी घरातल्या क्रुसासमोर सगळ्यांनी उभे राहायचे, एकाने स्थानाचे नाव वाचायचे, त्यावर दोन वाक्ये बोलायची, एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचे. पत्नी ड्युटीवर असेल तर तीच दोन स्थाने तिने ब्रेकमध्ये मनात म्हणावीत, म्हणजे घरचे आणि ती त्या आठवड्यात एकाच जागी असतील. सात आठवड्यांत पूर्ण वाट होते. एका शुक्रवारी चौदा स्थाने घाईघाईने उरकण्यापेक्षा मला हे जास्त पटते, कारण ‘व्हेरोनिका येशूचे तोंड पुसते’ हे एकच स्थान आठवडाभर मनात राहिले, तर नर्सला त्यातून काय मिळेल हे मी वेगळे सांगायला नको.

राखेसाठी मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) घरी आणलेल्या झावळ्या लागतात. क्रुसामागे किंवा तसबिरीमागे खोचलेली झावळी वर्षभरात पिवळी होऊन इतकी सुकते की हात लावला तरी करकरते आणि तिचे पाते चिमटीत मोडते. राखेच्या बुधवारच्या काही दिवस आधीच ती काढून मुलांच्या हाती चर्चमध्ये पाठवा. घमेल्यात जाळून, चाळून तीच राख होते. आपल्या घरची झावळी आपल्याच कपाळी येते हे लहान मुलांना फार आवडते. राखेच्या बुधवारी मिस्साला जाण्याचे बंधन नाही, पण कॅथेड्रलमध्ये आणि बहुतेक चर्चमध्ये सकाळी व संध्याकाळी मिस्सा असते. एक तरी वेळ जमवा.

दानाचा भाग सगळ्यात जास्त राहून जातो, आणि मला त्याचीच सर्वात जास्त काळजी वाटते. पाचव्या शतकातले पोप थोर लिओ उपवासावरच्या प्रवचनात म्हणाले होते की उपवास करणाऱ्याचा संयम गरिबाचे जेवण व्हावा. ताटातून काढलेले कोणाच्या तरी ताटात पडले नाही तर ती नुसती बचत. म्हणून घरात एक स्टीलचा डबा ठेवा. शुक्रवारी मटण आणले नाही, त्याचे पैसे त्याच दिवशी त्यात टाका. बाहेरचा चहा-वडा चुकवला, त्याचेही टाका. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, ढकललेले पैसे खर्च होतात. डबा मुलाकडे सोपवा. प्रश्न विचारणारा पोरगा हिशोबही चोख ठेवील. शेवटी ते पैसे कारितास इंडियाच्या उपवासकाळातल्या मोहिमेला द्या किंवा हाताशी असलेल्या गरजवंताला. हंगाम संपल्यावर काम सुटणाऱ्या मजुरांची पुढच्या महिन्यांत ओढाताण होते, हे तुमच्याइतके कोणाला माहीत असणार?

पापनिवेदनाबद्दल, म्हणजे फादरांपुढे आपली पापे कबूल करण्याबद्दल, थोडक्यात. गंभीर पापांचे निवेदन वर्षातून एकदा तरी करायचे आणि पुनरुत्थान (ईस्टर) काळात ख्रिस्तशरीर घ्यायचे, हा नियम १२१५ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांच्या काळातल्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आदल्या आठवड्यात) रांग मोठी असते आणि फादरही थकलेले असतात. तुम्ही मधल्या एखाद्या आठवड्यात, सकाळच्या मिस्सानंतर, कामावर जाता जाता पाच मिनिटे मागा. सहसा कोणी नाही म्हणत नाही.

राहिला पवित्र सप्ताह. सुट्टी सांभाळूनच टाकायची असेल, तर माझे मत ऐका. गुड फ्रायडेची सुट्टी असते, पण हॉस्पिटल आणि निर्यातीचा माल थांबत नाही. पत्नीची त्या दिवशी ड्युटी असेल तर तिने कष्टी होऊ नये; दुपारी तीनच्या सुमारास वॉर्डातच क्षणभर थांबून प्रार्थना केली तरी चालेल, आणि त्या दिवशीची उपासना कुठे उशिरा आहे का हे आधी विचारून ठेवावे. तुम्ही दोघांनी मात्र रजा मागायची तर ईस्टरच्या आदल्या रात्रीची मागा. कित्येक शतके ही जागरणाची उपासना शनिवारी सकाळीच उरकली जात होती, उजेडात नवी मेणबत्ती पेटवून. पायस बारावे यांनी १९५१ मध्ये ती प्रयोग म्हणून पुन्हा रात्री आणली आणि १९५५ च्या आदेशाने कायम केली. वर्षातली सर्वात मोठी उपासना तीच आहे. २०२७ मध्ये ती २७ मार्चच्या रात्री येते. हंगाम तेव्हाही चालू असेल, म्हणून पॅकहाउसमध्ये आणि पत्नीच्या ड्युटीच्या तक्त्यात त्या एका रात्रीचे आतापासूनच सांगून ठेवा.